सिस्टर, तुम्ही मोजलेल्या दोन मिलीसाठी

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

नातू परवा वर्षाचा झाला. तुमच्या हिशेबाने अजून दहा महिन्यांचाच आहे. एकतिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ, तेव्हा वाढ बघताना वयातून 9 आठवडे वजा करायचे, हे तुम्हीच शिकवलंत. "अजून धरून उभा राहत नाही?" असं कुणी विचारलं की मी तीच वजाबाकी सांगते. 34 वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, पण एवढ्या प्रेमाने कुठली वजाबाकी केली नव्हती.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे. पण पत्र सगळ्यांना वाचता यावं असंच लिहिते आहे, कारण आपल्याकडे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी आज्या आज नवजात बाळांच्या युनिटबाहेर त्याच बाकावर बसलेल्या असतील.

आषाढातली ती रात्र. सुनेचं ब्लड प्रेशर एकदम चढलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. ग्रामीण रुग्णालयात तिला एक इंजेक्शन दिलं आणि 108 ने पुढे पाठवलं. तळेबाजार, शिरगाव, नांदगाव तिठा, मग हायवे. पाऊस असा की पुढचा रस्ता दिसत नव्हता. निघताना शेजारची म्हातारी म्हणाली होती, "गो बाय, सातव्याचा जगता, आठव्याचा टिकना नाय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्या रात्री, शिकलेली असूनही, माझा त्याच्यावर विश्वास बसला होता.

दुसऱ्या रात्री सिझेरियन झालं. 1380 ग्रॅम. सून आयसीयूत, मुलगा तिच्याजवळ, आणि मी तुमच्या नवजात बाळांच्या युनिटच्या दाराशी. मी तुम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला, आठव्या महिन्याचं जगतं का? तुम्ही माझ्यावर हसला नाहीत. म्हणालात, "आजी, पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ भक्कम. सातव्यापेक्षा आठव्यातलं कधीही बरं. आणि तुमच्या सुनेला वेळेवर इंजेक्शन मिळालंय, फुप्फुसांसाठी."

त्या इंजेक्शनचं मोल मला घरी आल्यावर कळलं, मुलाला शोधायला लावून वाचलं तेव्हा. डेक्सामेथासोन, अगदी साधं, स्वस्त औषध. याच जातीचं औषध आईला दिलं की पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी 1972 सालीच दाखवून दिलं होतं. पण आपल्यासारख्या देशांतल्या साध्या इस्पितळांत त्याचा फायदा होतो की तोटा, याची शंका मागे उरलीच होती. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियात 2852 आयांना घेऊन अभ्यास केला. तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या गटात नवजात मृत्यू शेकडा 19.6, न मिळालेल्या गटात 23.5. म्हणजे 25 आयांना ते दिलं की एक बाळ जास्तीचं वाचतं. ते एक बाळ कुठलं, हे कधीच कळत नाही. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे.

त्या पहाटे तुम्ही मला हात कोपरापर्यंत धुवायला लावलेत, इस्पितळाचा पुढून उघडणारा झगा दिलात आणि खुर्चीत मागे रेलून बसायला सांगितलंत. मग त्याला माझ्या छातीवर ठेवलंत. टोपी, मोजे, लंगोट, बाकी काही नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी. वरून माझंच जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घट्ट गुंडाळलंत. इतकं हलकं काही मी आयुष्यात छातीशी धरलं नव्हतं. पाठीवर माझा तळवा ठेवला तर तो सगळा झाकला जात होता. थोड्या वेळाने तुम्ही काखेत थर्मामीटर लावलात. 36.7 सेल्सिअस. "बघा आजी, तुम्हीच आता वॉर्मर."

मला वाटलं होतं, यंत्रं कमी पडली म्हणून आजीला बसवलं. तसं नव्हतं. या पद्धतीची, म्हणजे 'कांगारू मदर केअर'ची, सुरुवात तशी झाली होती खरी. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर पुरत नाहीत म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. आज मात्र यंत्र शेजारी असलं तरी आधी छातीच. आणि त्यामागचा अभ्यास वाचून माझी झोप उडाली, ते तुम्हाला सांगायचंच आहे.

घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय, अशा पाच ठिकाणी 3211 बाळं. एक किलो ते 1799 ग्रॅम वजनाची, म्हणजे आमच्यासारखीच. जी पद्धत पूर्वी बाळ स्थिर झाल्यावर सुरू करायचे, ती निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर दिली. आई नसेल तर घरातलं दुसरं कुणी. दिवसाला सरासरी सतरा तास. उरलेली निम्मी बाळं त्या वेळच्या नेहमीच्या पद्धतीने, आधी यंत्रात. 28 दिवसांत पहिल्या गटात शेकडा 12 बाळं गेली, दुसऱ्यात 15.7. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवला, कारण पुढच्या बाळांना त्यापासून दूर ठेवणं योग्य ठरलं नसतं. निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी शिफारसच बदलली.

सिस्टर, मी त्या दुसऱ्या गटातल्या आयांचा विचार करत राहते. कोणत्या गटात कोण, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. त्यांनी कागदावर सही केली किंवा अंगठा उठवला, आणि त्यांच्या वाट्याला दुसरी चिठ्ठी आली. त्यांना माझ्या नातवाचं नाव कधी कळणार नाही. त्यांच्यातल्या काहींचं बाळ घरी गेलं नाही. मी सतरा तास छातीशी धरून बसले, त्यातला प्रत्येक तास त्यांनी मला दिलेला आहे. तुमचे आभार मानताना त्यांचे मानले नाहीत तर ते अर्धेच राहतील. घानाच्या कुमासीतल्या, दिल्लीतल्या त्या माऊल्यांना हे पत्र पोचणार नाही, म्हणून तुमच्याकडे देते.

आता दुधाचं. पहिल्या दिवशी तुम्ही सिरिंजमध्ये दोन मिली घेतलेत, तेव्हा मी कासावीस झाले होते. दोन मिली म्हणजे अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही! आयसीयूत जाऊन सुनेच्या शेजारी बसून तुम्ही हाताने दाबून थेंब थेंब चीक काढलात, ती अर्धवट ग्लानीत असताना, तिला प्रत्येक वेळी विचारून. पिवळाधमक, मधासारखा. तो वाटीत घेऊन परतताना तुम्ही वाटी अशी धरली होतीत की जणू समई. नळीवाटे दोन मिली, दर दोन तासांनी. मग रोज वाढ.

"इतकं भरभर वाढवलं तर पोट नाही का फुगणार?" मी विचारलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ती सडू शकतात, ही भीती तुम्हालाही होतीच, म्हणून तर प्रत्येक वेळी पोट तपासत होतात. पण याचाही कुणीतरी अभ्यास केला होता. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2804 बाळं, निम्म्यांचं दूध रोज किलोमागे 18 मिलीने वाढवलं, निम्म्यांचं 30 ने. दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर मोठ्या अपंगत्वाशिवाय जगलेल्या बाळांच्या प्रमाणात ठळक फरक नाही, आतड्याचा आजारही भरभर वाढवल्याने बळावला नाही. पूर्ण दुधावर यायला मात्र दहाऐवजी सातच दिवस लागले. म्हणजे शिरेत सुई कमी दिवस. आमच्या 1380 ग्रॅमच्या जिवाला ती वाढ रोज चाळीसेक मिली, म्हणजे दर खेपेला साडेतीनच्या आसपास. हे तुम्ही मला चार्टच्या मागे पेन्सिलीने करून दाखवलंत. मी तो हिशेब तपासला होता, बरोबर होता.

मला राग आला तो फक्त एकदा. मॉनिटरवर ऑक्सिजन 97 दिसत होता आणि तुम्ही येऊन तो कमी केलात. शंभर का नाही ठेवत? तुम्ही सांगितलंत, 90 ते 95. जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो. नंतर वाचलं की 1940 च्या दशकात अशा बाळांना प्रेमाने, काळजीने भरपूर ऑक्सिजन दिला जायचा आणि हजारो मुलं आंधळी झाली. कारण नेमकं कळायला 1953-54 मध्ये अमेरिकेतल्या 18 इस्पितळांना एकत्र येऊन मोजमाप करावं लागलं. त्या डॉक्टरांची माया आपल्यापेक्षा कमी नव्हती हो. डोळ्यांची तपासणी चुकवू नका म्हणून तुम्ही दोनदा फोन केलात, तो का, ते तेव्हा समजलं.

आणि बोंडलं! माझ्या मुलाचं चांदीचं बोंडलं मी घरून आणलं होतं. मला वाटलं, तुम्ही बाजूला ठेवायला सांगाल. तुम्ही ते हातात घेऊन फिरवून पाहिलंत, म्हणालात, "आमच्या स्टीलच्या पळीचीच ही आई." सिरिंजने पाणी भरून मोजलंत. काठोकाठ आठ मिली, चोचीच्या मुळापर्यंत पाच. उकळवून घेतलंत. तेहतिसाव्या आठवड्यात त्याने नळीऐवजी त्याच्यातून पहिलं दूध घेतलं. चोच खालच्या ओठावर टेकवायची, ओतायचं नाही, त्याची जीभ बाहेर येईपर्यंत थांबायचं. जीभ आली. मांजरीच्या पिल्लासारखी. पाच मिलीला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, जरी पलीकडे चार बाळं होती. चौतिसाव्यात तो आईच्या अंगावर लागला. तेहतिसाव्या दिवशी 1800 ग्रॅमचा होऊन घरी आला. घरीही महिनाभर आम्ही आळीपाळीने त्याला छातीशी धरलं. मुलगासुद्धा.

आईचं दूध कमी पडलं असतं तर? मुंबईत सायनच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तशी पेढी आपल्या प्रत्येक जिल्ह्यात असावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या सुनेला शेवटी इतकं दूध आलं की तिने ते दिलं असतं.

एक गोष्ट राहिली. पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत मधाची बाटली होती आणि सोन्याची अंगठी, उगाळून चाटवायला. तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की मधात अशा जंतूंचे बीज असू शकतात जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्याचे स्नायू लुळे पाडतात. वर्ष होईपर्यंत मध नाही. बाटली परत नेली, झाकण न उघडता. ती अजून फळीवर आहे.

परवा वर्ष झालं. आता मला एकच विचारायचं आहे, हे वर्ष कॅलेंडरचं धरायचं की तुमच्या वजाबाकीचं? पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा तुमची सकाळची ड्युटी असली तर विचारीन. तोवर बाटली बंदच आहे.

तुमची,
देवगडची आजी