बिनकाट्याची बोय

मावशी, जय येशू.

हे पत्र तुझी नात तुला मोबाईलवर वाचून दाखवील. तिला सांग, सावकाश वाच, मधलं काही गाळू नकोस. घरी येऊन तोंडानं सांगता आलं असतं, पण तुझ्यासमोर बसलं की तू बोलूच देत नाहीस. "ते ऱ्हाऊ दे, चाय घे" म्हणतेस आणि विषय संपवतेस. शिवाय हे चारचौघांनी वाचावं असं मला वाटतं. त्यातल्या कुणाला टोचलं तर टोचू दे.

मी तुमच्या फादरांचा धाकटा भाऊ. तुमचे फादर, आमचा दादा.

गेल्या वर्षी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू व्हायच्या आठवड्यात त्याची उजवी बाजू गेली. हॉस्पिटल, फिजिओथेरपी, ते सगळं तुला माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही. ईस्टरनंतर तो तुमच्या धर्मग्रामात, तुमच्या पॅरिशमध्ये, परतला तेव्हा पाय ओढत चालायचा, शब्द शोधत बोलायचा आणि उजवा हात ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडलेला असायचा.

दादाला गुरुदीक्षा मिळाली तेव्हा मी शाळेत होतो. बिशपांनी त्याच्या दोन्ही तळहातांना पवित्र तेल लावलं. मिस्साची उपासना संपल्यावर त्या तळहातांचं चुंबन घ्यायला रांग लागली. आई पहिली, मग काका, मग अख्खा गाव. मला आठवतं, माझा नंबर येईपर्यंत भूक लागून मी रडकुंडीला आलो होतो. त्याच हाताकडे आता माणसं बघायची नाहीत. बोलता बोलता नजर खिडकीकडे न्यायची.

नजर चुकवणाऱ्यांना मी एक वेळ समजून घेईन. पण बिशप हाऊसला अर्ज गेला तो कशासाठी? मिस्सा लांबते, प्रवचन कळत नाही, मुलांचं लक्ष लागत नाही, आम्हाला धडधाकट फादर द्या. चर्चच्या कायद्याप्रमाणे पॅरिशच्या प्रमुखाने राजीनामा द्यायचं वय 75 आहे. दादा 67चा. अर्जावर सही करणाऱ्यांत एक जण असा होता, ज्याच्या बापाला शेवटचं तेल लावायला दादा रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, गुडघाभर पाण्यातून गेला होता. नाव लिहीत नाही. तो हे वाचेल.

आणि याच लोकांनी 4 ऑगस्टला दादाचा सत्कार केला. त्या दिवशी संत जॉन व्हियानीचा सण, म्हणून धर्मगुरूंचा दिवस. व्हियानी म्हणजे आर्स नावाच्या लहानशा खेड्याचा फादर, तासन्‌तास पापनिवेदन ऐकत बसणारा. त्याच्याविरुद्धही बिशपकडे अर्ज गेला होता, त्याच्याच बरोबरीच्या धर्मगुरूंनी फिरवलेला. तो अर्ज चुकून व्हियानीच्याच हातात पडला आणि त्याने त्यावर स्वतःची सही ठोकली, असं त्याच्या चरित्रात सांगतात. आमच्या दादाला ही गोष्ट फार आवडते. या वेळी कुणी सांगितली नाही.

शाल घातली, ती उजव्या खांद्यावरून लगेच घसरली. भाषण झालं, त्यात आधारवड, दीपस्तंभ वगैरे सगळं आलं. मग नारळ दिला, तोही त्याच्या उजव्या हातात. नारळ गडगडत आल्तारच्या पायरीपर्यंत गेला. एक पोरगं फिस्सकन हसलं. त्याचं काय चुकलं, पोरगंच ते. मी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो.

मीही काही मोठा शहाणा नव्हतो, हे इथेच कबूल करतो. पॅरिशच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी मे महिन्यात मला सांगितलं होतं, "फादरांनी मासे सोडले." आणि मी मान डोलावली! बोयीचं डोकं कुणाच्या ताटात पडणार यावरून लहानपणी माझ्याशी मारामारी केलेला माणूस मासे सोडतो, आणि मला वाटतं डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल. दर रविवारी मी सफरचंदं घेऊन जायचो. सफरचंदं!

तू मागच्या दारी मासळीची टोपली घेऊन आलीस, त्याचं ताट बघितलंस, वरण आणि भात. बाईंना एवढंच विचारलंस म्हणे, "फादर म्हावरं नाय खात? कदीपासून?" बाई म्हणाल्या, आजारी पडल्यापासून. तू काही बोलली नाहीस.

डाव्या हाताला चमचा धरता येतो. काटा काढता येत नाही. टेबलावर दुसरे तरुण फादर, कधी पाहुणे. सगळ्यांसमोर ताटात चिवडत बसायचं, घशात काटा अडकून ठसका लागायचा, नाहीतर कुणाला तरी सांगायचं की बाबा, मला काढून दे. ज्याने तुमच्या अर्ध्या गावाला बाप्तिस्मा दिला, त्याच्या तोंडून हे निघणार नव्हतं. त्यापेक्षा मासे आवडत नाहीत म्हणणं सोपं. हे आम्हा सख्ख्यांच्या डोक्यात आलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी तिथे जेवायला थांबलो. तुझा डबा टेबलावर होता, तो स्टीलचा, कडी तुटलेली, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेला. आत रव्यात तळलेली बोय. दादाने एक तुकडी माझ्या ताटात सरकवली. मी सवयीने जिभेनं काटा चाचपला. नाही. दुसऱ्या घासाला, नाही. तुकडी उलटी केली तर पोटाशी एक बारीक चीर, आणि काटा काढून दोन्ही फाका रव्याखाली पुन्हा जुळवलेल्या. वरून बघणाऱ्याला अख्खी तुकडी. शेजारी बसलेल्या तरुण फादरांना पत्ता नव्हता. मी दादाकडे बघितलं. तो शब्द शोधत म्हणाला, "गप... खा."

मावशी, काटे काढून मासळी कुस्करून दिली असतीस तरी ती मदतच होती. बाळाला देतात तशी. तू ती पुन्हा जुळवलीस. त्या जुळवण्यासाठी मी हे पत्र लिहितोय.

नंतर बाईंनी सांगितलं, हे मे अखेरपासून चाललं होतं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, तरी डबा आला. कधी खाडीतलं काही, कधी सुके बोंबील, त्यांचाही मधला काटा काढलेला. दादानं एकदा पैसे पाठवले तर तू ते डब्यातच परत पाठवलेस, भाकरीखाली.

आम्ही वाडीवाले, तुम्ही बंदरावरचे. एकाच देवळात येशूपुढे गुडघे टेकतो, पण तुझ्या टोपलीतला भाव पाडण्यापलीकडे आमच्या घरच्यांनी तुमच्याशी बोलणं ते काय केलं? माझी आजी तर कोळणीला ओटीवर बसायलाही सांगायची नाही. आज ती असती तर मी तिला हा डबा दाखवला असता.

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलंय ना, जे तुमच्यामध्ये श्रम करतात त्यांना त्यांच्या कामाबद्दल प्रेमाने मान द्या. सत्काराच्या दिवशी ते मोठ्याने वाचलं गेलं. इब्री लोकांच्या पत्रातलं कुणी वाचत नाही. पुढाऱ्यांना त्यांचं काम आनंदानं करू द्या, कण्हत नको, असं तिथे आहे. पुढाऱ्याने कण्हू नये ही लोकांवरची जबाबदारी! मी कित्येक वर्षं हे ऐकत आलो, आणि मला वाटायचं मान म्हणजे उठून उभं राहणं, खुर्ची पुढे करणं. माणसाच्या ताटात काय कमी झालंय ते बघणं आणि बघितल्याचं त्याला कळू न देणं, हे मला ठाऊकच नव्हतं. तू दादाच्या हाताचं चुंबन कधी घेतलंस की नाही, मला माहीत नाही. त्याच्याबरोबर तुझा एकही फोटो नाही, हे मात्र माहीत आहे. मी शोधला.

दादा गेल्या महिन्यापासून आमच्याकडे आहे. अर्जामुळे नाही, त्यानं स्वतः विश्रांती मागून घेतली. अर्जवाल्यांनी उगाच श्रेय घेऊ नये. बोलणं बरंच सुधारलंय, उजव्या हाताची दोन बोटं हलतात. परवा मी बोयीचे काटे काढायला बसलो. पाऊण तास गेला आणि शेवटी ताटात चिवडा उरला. बायको म्हणाली, फाका जुळवायच्या असतात तर आधी नीट चिरायला शिका. दादानं तो चिवडा चमच्याने खाल्ला आणि म्हणाला, "मावशीला... विचार."

तर विचारायला येतोय. सुरी पोटाकडून घालतेस की पाठीकडून, ते मला दाखव. रविवारी दुपारी, पहिली मिस्सा झाल्यावर, आम्ही दोघंही येतो. दादाला रिक्षातून उतरायला वेळ लागतो, तू धावत पुढे येऊ नकोस, त्याला ते आवडत नाही. तुझा डबा आमच्याकडे राहिलाय. रिकामा आणत नाही, राजेळी केळ्यांची सुकेळी भरून आणतो, यंदाची आमच्या वाडीतली. कडी मी नवी बसवणार होतो. दादा म्हणाला, दोरा राहू दे.