संपाचं कलम आधी वाचा

महोदय,

केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांवरून, म्हणजे कामगार संहितांवरून, कुपवाड-मिरजेच्या गेटसभांत दोन्ही बाजू अर्धीच गोष्ट सांगतात. 'विधेयक समितीकडे गेलंच नाही' हे पुरतं खरं नाही. औद्योगिक संबंध संहितेचं २०१९ चं विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं होतं, एप्रिल २०२० मध्ये अहवालही आला. पण ते मागे घेऊन १९ सप्टेंबरला नवं मांडलं आणि २३ तारखेला, विरोधकांच्या बहिष्कारात, राज्यसभेतही मंजूर झालं. एवढ्या घाईत कलमवार दुरुस्त्या कोण मांडणार? खरा अन्याय तिथे झाला. आणि संहितेतली, कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्यासाठीची ३०० कामगारांची मर्यादा १९७६ मध्ये काँग्रेस सरकारनेच ठेवली होती. १०० नंतर झाली.

संपाचं कलम मात्र सगळ्यांनी नीट वाचावं. आता प्रत्येक कारखान्यात १४ दिवसांची नोटीस लागते. त्या मुदतीत समेट अधिकाऱ्याने (वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) पहिली बैठक घेतली, की बोलणी संपेपर्यंत आणि पुढचे ७ दिवस संप बेकायदा. नुसते दिवस मोजत बसलेली युनियन इथेच फसते. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तरी तो संपच. नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती ठेवा, असं समितीने सुचवलं होतं. ते का डावललं, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला विचारा.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)