हातातलं कसब आणि लोकांच्या तोंडचं नाव

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फारसं बोलला नाहीस, पण आवाजावरूनच कळलं. तुझ्याबरोबर शिकलेला तो मुलगा आता सगळीकडे झळकतोय, टीव्हीवर त्याला बोलावणी येतात, आणि तू अजून समारंभांत टेबलाटेबलाशी उभा राहून पत्त्यांची जादू दाखवतोस. "आई, त्याला साधी डबल लिफ्ट धड येत नाही," एवढंच म्हणालास आणि विषय बदललास. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तुझं म्हणणं खरं आहे. त्या डबल लिफ्टमध्ये, दोन पत्ते एक म्हणून उचलायच्या आधी तो अंगठ्याने कडा चाचपतो. तुझा अंगठा हललेला दिसतच नाही. बारा वर्षांचा होतास तेव्हापासून आरशासमोर उभं राहून ती एकच उचल घोटताना मी तुला पाहिलंय. पण मला हा फरक कळतो, कारण तुझ्या हातातली गड्डी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहे. समोर बसलेल्या माणसाला तो कसा कळावा? गवयाने अवघड तान घेतली की काहीतरी अवघड चाललंय हे न शिकलेल्या कानालाही जाणवतं. तुमच्या कलेचं उलटं आहे. हात जितका तयार, तितकं काहीच घडलं नाही असं वाटणार. उत्तम जमलेली उचल आणि न केलेली उचल, दोन्ही अगदी सारख्या दिसतात. मग लोकांनी मोजमाप कशावर करायचं? जे दिसतं त्यावरच ना?

तुझ्या लाडक्या पत्त्यांच्या जादूगाराची, डाय व्हर्ननचीच गोष्ट घे. बेड्यांतून सुटून दाखवणारा प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी म्हणायचा, कुठलाही प्रयोग मला लागोपाठ तीनदा दाखवा, मी तो ओळखतोच. १९२२ साली शिकागोत व्हर्ननने त्याला गाठलं. पत्त्यावर हुडिनीची आद्याक्षरं लिहून घेतली, पत्ता वरून दुसरा ठेवला, आणि तो पुन्हा सगळ्यात वर आला. असं सात वेळा, आणि हुडिनीला शेवटपर्यंत उलगडलं नाही. जादूगारांच्या जगात व्हर्ननला आजही 'प्रोफेसर' म्हणून मान आहे. पण रस्त्यावरच्या कुणालाही विचार, नाव हुडिनीचंच माहीत असतं. व्हर्ननने तर कितीतरी काळ काळ्या कागदातून माणसांच्या मुखाकृती कापून पोट भरलं.

हे वाचून तुला वाटेल, बघ, हाच तो अन्याय. मलाही आधी तसंच वाटायचं. मग हुडिनीच्या एका बेडीच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि मत बदललं. १७ मार्च १९०४, लंडनचं हिपोड्रोम नाट्यगृह. एका वर्तमानपत्राने खास बनवून घेतलेली बेडी हुडिनीच्या हातात घातली होती. तो छोट्या पडद्याआड गेला आणि सुटायला तासाहून जास्त वेळ लागला. मधेच एकदा बाहेर येऊन म्हणाला, कोट काढायचाय, घटकाभर बेडी काढा. नकार मिळाला. तेव्हा त्याने खिशातून चाकू काढला, दातांनी उघडला, कोट डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि बांधलेल्या हातांनी, दातांत चाकू धरून त्याच्या चिंध्या केल्या. प्रेक्षक वेडे झाले.

त्या तासाभरात त्याचं कुलपाचं कसब कुणालाही दिसलं नाही, ते सगळं पडद्याआडच होतं. ती बेडी त्याने कशी उघडली यावर जाणकार आजही वाद घालतात. लोकांनी पाहिला तो घामाघूम माणूस आणि फाटलेला कोट, आणि घरी जाऊन सांगितलं तेही तेच. हाच हुडिनी आधी स्वतःला 'पत्त्यांचा राजा' म्हणवायचा आणि त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. १८९९ मध्ये मार्टिन बेक नावाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, बाकीचं सोड, बेड्यांवर भर दे. बेडीत अडकणं म्हणजे काय हे लहान पोरालाही समजतं. कुणाला न कळता गड्डीच्या खालून पत्ता काढणं किती कठीण, हे समजायला दहा वर्षं गड्डी हातात असावी लागते.

आपल्याकडचे बंगाली जादूगार पी. सी. सरकार, त्यांचंही असंच. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी टेबलावरच्या मुलीच्या अंगातून करवत फिरवली. ती उठते की नाही हे दिसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. घाबरलेल्या लोकांच्या फोनने बीबीसीच्या लाइन जाम झाल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं भरली, आणि लंडनमधल्या त्यांच्या प्रयोगांना गर्दी लोटली. ते स्वतःला जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार म्हणवायचे याचा इतर जादूगारांना राग होता. पण लोकांना एका वाक्यात सांगता येईल अशी गोष्ट त्यांनी दिली, आणि तेही कसबच, सोन्या. १९९७ मध्ये डेव्हिड ब्लेन या अमेरिकन जादूगाराने टीव्हीवर केलं ते आणखी साधं: कॅमेरा बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळवला.

कुणाकुणाचं नाव मात्र खरोखरच दुसऱ्याच्या जिवावर होतं. चिंग लिंग फू या चिनी जादूगाराची नक्कल करून विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन माणूस 'चुंग लिंग सू' झाला आणि युरोपात मोठा ठरला. रॉबिन्सन हाताचा कच्चा नव्हता, तरी ते मला कधीच पटलं नाही. तुझ्या मित्राने तसं काही केलेलं नाही, हे तूही जाणतोस.

आता जे सांगायला मी कचरत होते ते सांगते. मागच्या समारंभात मी कोपऱ्यातून तुला बघत होते. समोरच्या छोट्या मुलीच्या मुठीतून तिचाच पत्ता निघाला, तिचा आ वासला, तिने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, आणि तू तोवर मान खाली घालून पुढच्या प्रयोगासाठी पत्ते पिसायला लागला होतास. तिच्या डोळ्यांत आलेलं ते तुझंच होतं, आणि तू ते घेतलं नाहीस. तुझा मित्र असा क्षण कधी सोडत नाही. तो थांबतो, त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारतो, त्याच्याबरोबर थक्क होतो. त्याचा अंगठा हलतो, पण त्या वेळी अंगठ्याकडे बघतंय कोण?

तू त्याच्यासारखं व्हावंस असं मी म्हणत नाही. शिकागोचा एड मार्लो दिवसा कारखान्यात मशीनवर काम करायचा आणि उरलेला सगळा वेळ पत्त्यांचा विचार. बाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण जगभरचे पत्तेवाले आजही त्याचं लिखाण घोळून घोळून वाचतात. तुला तसं जगायचं असेल तर खुशाल जग, मला अभिमानच वाटेल. फक्त मग रात्री दोन वाजता त्या मुलाचे व्हिडिओ बघत बसू नकोस. आणि लोकांसमोर उभं राहायचं असेल, तर इतकी वर्षं आरशाला दिलीस तशी थोडी माणसांनाही दे. तुझे हात आता तुझ्या नजरेशिवायही काम करतात, मी पाहिलंय.

पुढच्या महिन्यात घरी येशील तेव्हा तो नाण्याचा प्रयोग मला करून दाखव. मला तो पाठ आहे, नाणं कुठे जातं तेही माहीत आहे. या वेळी तो करताना माझ्याकडे बघ.

तुझी,
आई