हर्णैला जाताय? आधी तिथी बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की पेपरात दोन बातम्या हमखास येतात. एक, कोकणात पर्यटकांची झुंबड, आणि दोन दिवसांनी दुसरी, अमुक बीचवर गाडी पाण्यात अडकली. सोबत फोटो ठरलेला, अर्धी बुडालेली पांढरी गाडी, मागे दोरखंड घेऊन ट्रॅक्टर आणि बाजूला मोबाईल धरून उभी पब्लिक. लोक हसतात आणि पान उलटतात. माझं माहेर दापोली तालुक्यातलं आंजर्लं, लग्न होऊन पुण्याला आले त्यालाही बरीच वर्षं झाली, पण ही बातमी दिसली की मला हसू येत नाही, कारण ती गाडी वाचवायला माझ्याच गावची पोरं जेवणावरून उठून धावलेली असतात.

म्हणून म्हटलं आमच्या शेजारचं हर्णै बंदर आणि आसपास कसं फिरावं ते एकदा लिहून पाठवावं. काय बघावं हे सगळ्यांना माहीत आहे, रील्स आहेतच. कधी बघावं हे कोणी सांगत नाही.

आधी भरतीचं बोलते. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ आणि ॲप काही बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि परत संध्याकाळी सहा-साडेसहाला पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण फिरायला आलेल्या माणसाला एवढा हिशोब पुरतो. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेही ह्याच हिशोबात आलं. आंजर्ल्यात आमच्या शेजारचे काका ओट्यावर बसून बोटाच्या पेरांवर मोजायचे आणि म्हणायचे, आज दशमी ना, मग साडेसात, शिंपल्या काढायला जायचं तर दुपारीच जा. कधी चुकलेलं मला तरी आठवत नाही.

आता ह्यात गाड्या कुठे बुडतात बघा. दशमी-एकादशी धरा. भरती रात्री साडेसात ते सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दीड-दोनला होऊन गेली. तुम्ही जेवून झोप काढून चार-साडेचारला बीचवर येता तेव्हा पुळण चांगली रुंद दिसते, ओली वाळू सिमेंटसारखी कडक, गाडी सहज जाते, मग जरा अजून पुढे, सनसेटचा फोटो गाडीसकट पाहिजे ना. पण पाणी केव्हाच फिरलेलं असतं. सूर्य बुडेपर्यंत चाकाखालची वाळू मऊ होते, गाडी रेस केली की खड्डा अजून खोल, आणि मग आरडाओरडा. बरं समुद्राने काही फसवलेलं नसतं, ज्या दिवशी जे व्हायचं तेच झालेलं असतं. मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे, आमच्या दापोलीचं), कर्दे, लाडघर, आंजर्लं, सगळीकडे हीच गोष्ट.

मुळात गाडी वाळूवर न्यायचीच कशाला हा माझा प्रश्न आहे. आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, गावकऱ्यांना सोबत घेतलं, तिथला कासव महोत्सव आता सगळ्यांना माहीत झालाय, आंजर्ल्यातही होतो. रात्री मादी येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि जाते, परत बघायलाही येत नाही. कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर फिरून तिच्या पावलांची नक्षी शोधतात आणि अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव जागेत, हलवतात. तुमच्या एसयूव्हीच्या टायरच्या नक्षीत ती नक्षी कशी सापडणार सांगा? आणि एखादं घरटं राहून गेलं तर वरची वाळू दाबली जाते, पिल्लं बाहेर आली तरी टायरच्या चाकोरीत अडकतात. पन्नासेक दिवसांनी बाहेर येणारं पिल्लू तळहातावर मावतं, त्याला ती चाकोरी म्हणजे घळच. महोत्सवाला याल तेव्हा मात्र दोरीच्या अलीकडे उभे राहा, फ्लॅश नको, आणि पिल्लं निघालीच नाहीत म्हणून तिथल्या पोरांशी भांडू नका. हेही मी पाहिलंय, एक गृहस्थ पैसे वसूल झाले नाहीत म्हणत होते!

आता हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव बघायला सगळेच जातात आणि जावंच. बंदर उथळ म्हणून मोठी लाँच लांब उभी राहते, माल छोट्या होडीतून किनाऱ्याला येतो, कमरेइतक्या पाण्यातून खलाशी टोपल्या आणतात, पाण्यात बैलगाड्या घालायचीही जुनी पद्धत आहे इथे. मग वाळूवरच ढीग, सुरमई वेगळी, बांगडा वेगळा, कोळंबी, म्हाकूळ, हलवा, सौंदाळे, आणि बोली अशी भराभर चालते की नवख्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेलाही असतो. बर्फ फुटत असतो, टेम्पोवाले घाई करत असतात, पाजपंढरीच्या आणि हर्णैच्या बायका टोपल्यांवर हात ठेवून बसलेल्या. त्यांची तेवढ्या एक-दोन तासांतच त्या दिवसाची कमाई ठरते. आणि बरोबर त्याच वेळी आपण मध्ये उभे, एकाला सेल्फी पाहिजे, दुसरा बोली चालू असताना विचारतो ताई हा कोणता फिश, तिसऱ्याची गाडी टेम्पोच्या वाटेत. तुमच्या ऑफिसात महिनाअखेरीला कोणी टेबलावर चढून फोटो काढले तर चालेल का? कडेला उभं राहा, लिलाव उरकू द्या, मग त्याच बायका हौसेने बोलतात, कोणता मासा कसा करायचा तेही सांगतात, फक्त भाव करताना मॉलमध्ये गप्प पैसे देता ते आठवा.

मासा घेताना कल्ले उचलून लाल आहेत का बघा, डोळा फुगीर पाहिजे, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. घेतलेला मासा आसपासच्या घरगुती खानावळीत दिला तर करून देतात, आधी विचारून घ्या एवढंच. आणि तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळतात म्हणून उचलू नका. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला आणि आपण त्याची पोरं तळून खातोय. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा येऊन ताजी सुरमई नाही म्हणून हॉटेलवाल्याला एक स्टार देणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी काय लिहू.

सुवर्णदुर्गाचं जरा जास्त लिहिते कारण आता तिथे गर्दी वाढणार. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यात हा आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, असे चार किल्ले एका नजरेत येतात. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर वस्तीच आहे, त्यामुळे लोकांच्या अंगणातून जाताना जरा मान ठेवा. शिवाजी महाराजांनी सुवर्णदुर्ग मराठी आरमारात आणला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं नाव ह्या किल्ल्याशी कायमचं जोडलं गेलं, आणि १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज एक होऊन कान्होजींच्या मुलावर, तुळाजी आंग्र्यांवर गेले तेव्हा कमोडोर जेम्सने तोफा डागून हा घेतला. आपणच इंग्रजांना सोबत घेऊन आपलं आरमार मोडलं, ते बोर्डावर लिहिलेलं वाचायला कसंतरीच वाटतं, पण वाचावं. होडी बंदरावरून मिळते, अंतर फार नाही, तरी लाईफ जॅकेट घालाच आणि पावसाळ्यात नाव काढू नका. तिकडे उतरायला धक्का नाही, पाण्यात पाय घालूनच उतरावं लागतं, त्यामुळे इथेही पाणी किती आहे त्यावर सगळं, होडीवाला आत्ता नको म्हणाला तर जास्त पैसे दाखवून आग्रह करू नका. दरवाजाशी भिंतीवर मारुती कोरलाय आणि पायरीवर कासव, बहुतेक लोक त्या कासवावर पाय देऊन आत जातात, खाली बघतच नाहीत. आत झाडोरा माजलेला आहे, दुकान नाही, पाणी आपलं न्यायचं आणि बाटली परत आणायची. हे लिहायला लागतं ह्याचंच वाईट वाटतं.

बाकी मग वेळ असेल तसं. पुलावरून आंजर्ल्यात या (पूल होण्याआधी आम्ही खाडी तरीतून ओलांडायचो, आता दहा मिनिटांचं काम), कड्यावरच्या गणपतीला चढून गेलात की मागे वळून बघा, खाली माडांची बनं आणि लांब सुवर्णदुर्ग. वादळ आलं की हर्णैच्या होड्या ह्याच खाडीत आसऱ्याला येतात. आसूदचं केशवराज देऊळ माझ्या मते सगळ्यात सुंदर, दापोलीहून हर्णैच्या वाटेवरच आहे, पोफळीच्या वाडीतून पायवाट, ओढ्यावर साकव, मग पायऱ्या आणि वर गोमुखातून पडणारं थंडगार पाणी. वाडीतून जाताना पडलेल्या सुपाऱ्या खिशात घालू नका, ते कोणाचं तरी उत्पन्न आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या वाड्या आडव्या झाल्या, पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे कित्येकांचं त्या वेळचं नुकसान अजून भरून निघतंय. डॉल्फिन बघायला मुरूडहून पहाटे जा, आणि होडीवाल्याला त्यांच्या मागे इंजिन पळवायला लावू नका, बंद करून थांबलात तर ते आपणहून जवळ येतात, नाही आले तर नाही आले.

संबंधितांना माझी मागणी साधी आहे. जिथे रस्ता संपून पुळण सुरू होते तिथे मोठे धोंडे टाका, माणूस जाईल पण गाडी जाणार नाही एवढ्याच फटी ठेवून. आणि शेजारी एक काळा फळा, त्यावर रोज खडूने आजची भरती, आजची ओहोटी. ह्याला टेंडर लागत नाही, बीचवर सरबत विकणारा पोरगासुद्धा लिहील.

आणि एक तुम्हाला, संपादक साहेब. शुक्रवारच्या अंकात राशिभविष्याखाली चार ओळींची जागा निघाली तर शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापा ना. लोक निघायच्या आधी निदान ते पान तरी वाचतात.

कळावे,
एक वाचक, पुणे (माहेर आंजर्ले)