नववीचे गुण बारावीच्या निकालात धरण्याआधी

संपादक महोदय,

‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने 2024 मध्ये केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात अशी शिफारस आहे की, बारावीचा निकाल एकट्या बारावीच्या गुणांवर न लावता त्यात नववीचे 15, दहावीचे 20, अकरावीचे 25 आणि बारावीचे 40 टक्के गुण धरावेत. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातील माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षे नववीचा वर्ग माझ्याकडे आहे. ‘बाई, नववीचे गुण पुढे कुठे धरतात का?’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. एका वर्षाचा अपवाद सोडला, तर आजवर त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच होते. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, पदवीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर किंवा सीईटी, नीट, जेईई यांसारख्या परीक्षांवर होतो आणि नववीचे प्रगतीपुस्तक घरातल्या ट्रंकेत पडून राहते. हे उत्तर बदलणार असेल, तर त्याआधी आपल्याच राज्याचा एक अनुभव सर्वांसमोर यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिफारशीमागचा हेतू मला मान्य आहे. तीन तासांच्या एका पेपरवर मुलाचे बारा वर्षांचे शिक्षण तोलले जाऊ नये, हे आम्ही शिक्षकच वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. पण नववीचे गुण मोठ्या परीक्षेच्या निकालात मिळवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात एकदा होऊन गेला आहे, याची आठवण या चर्चेत फारशी कोणी काढताना दिसत नाही. 2021 मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा प्रत्येक विषयाच्या 100 गुणांपैकी 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनावरून द्यावेत, असे सूत्र ठरले. राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. अकरावीसाठी ऐच्छिक सीईटी घेण्याचा निर्णय झाला होता, पण 10 ऑगस्ट 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रवेश याच गुणांवर झाले. ज्या नववीला कोणी विचारत नव्हते, तिचा वाटा एका रात्रीत निम्मा झाला.

त्या मुलांची नववी म्हणजे 2019-20 हे वर्ष. आमच्या भागातल्या कोणालाही हे वर्ष सांगितले की ऑगस्टचा महापूर आठवतो. शेजारच्या वाडीवरून जिल्हा परिषदेच्या शाळेतली आठवी संपवून त्याच जूनमध्ये आमच्याकडे आलेली एक मुलगी होती. पाणी ओसरल्यावर मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिने पत्र्यावर वह्या वाळत घातल्या होत्या. शाई पसरून पाने निळी झाली होती आणि बीजगणिताच्या पुस्तकातले बहुपदीचे प्रकरण चिखलाने असे चिकटले होते की पान उलगडताना फाटत होते. दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेत तिला गणिताच्या दोन्ही पेपरांत मिळून 80 पैकी 29 गुण पडले. त्या वेळी मला त्याची चिंता वाटली नाही, कारण दुसऱ्या सत्रात ती भरून काढील याची खात्री होती. पण मार्चमध्ये टाळेबंदी लागली, नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नाही आणि निकाल पहिल्या सत्राच्या व अंतर्गत गुणांवर लावावा लागला. अंतर्गत 15 धरून तिचे 44 गुण झाले. पुढे दहावीत मामाच्या मोबाइलवर तास ऐकून तिने चांगली तयारी केली आणि वर्षभराच्या लेखी मूल्यमापनात 30 पैकी 26 गुण मिळवले. निकाल लागला तेव्हा तिच्या गणिताच्या रकान्यात नववीचे 22, लेखीचे 26, अंतर्गत 19, असे एकूण 67 गुण होते. शहरातल्या ज्या महाविद्यालयात तिला विज्ञान शाखेला जायचे होते, तिथल्या यादीत तिचे नाव लागले नाही. ‘बाई, पुराच्या वेळचे गुण का धरले?’ असे तिने मला विचारले. निकाल समितीत मी स्वतः बसले होते, त्या गुणतक्त्यावर माझी सही होती, आणि तरीही तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही.

पूर रोज येत नाही, हे खरे आहे. परंतु खेड्यातल्या मुलांसाठी नववी हे पूर नसतानाही उलथापालथीचेच वर्ष असते. जिल्हा परिषदेची शाळा सातवीला किंवा आठवीला संपते. नववीला गाव बदलते, एसटीचा पास काढावा लागतो, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात, आणि आठवीपर्यंत वर्षानुवर्षे वरच्या वर्गात जात राहिलेल्या मुलाला नापास होणे म्हणजे काय ते बरीच वर्षे पहिल्यांदा नववीतच कळत असे. बरीच मुले दुसऱ्या सत्रात रुळतात, काही तर दहावीच्या दिवाळीनंतरच. अशा मुलाचे नववीचे गुण चार वर्षांनी बारावीच्या निकालात मिळवणे म्हणजे जिथे तो सर्वांत कच्चा होता तिथले वजन त्याच्या पाठीवर कायमचे बांधणे होय. एकाच शाळेत, एकाच इमारतीत शिशुवर्गापासून बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे येत नाही. शिवाय शाळेत न जाता सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलामुलींचे नववीचे गुण कुठून आणायचे, हाही प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण आम्हा शिक्षकांच्या बाजूची आहे आणि ती सांगताना संकोच करणे योग्य होणार नाही. नववीचे बहुतेक पेपर शाळा स्वतः काढते आणि स्वतःच तपासते. काही शाळा दहावीचा निकाल शंभर टक्के राखण्यासाठी नववीत हात आखडता घेतात, तर काही शाळा मूल पुढे जावे म्हणून सढळ हाताने गुण देतात. हे गुण शाळेपुरते आहेत तोवर त्याने बिघडत नाही, कारण ते वाचणाऱ्या वर्गशिक्षकाला त्यांची किंमत ठाऊक असते. पण तेच गुण दोन वेगवेगळ्या शाळांमधल्या मुलांची एकाच यादीत तुलना करायला वापरले की अन्याय होतो. 2021 च्या जूनमध्ये एक वडील शाळेच्या व्हरांड्यात दोन तास थांबले होते. नववीच्या मराठीच्या पेपरातले चार गुण वाढवा, एवढेच त्यांचे मागणे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. मुलाचा प्रवेश त्या चार गुणांवर अडेल, हे त्यांना दिसत होते. ही शिफारस जशीच्या तशी लागू झाली, तर असे पालक दरवर्षी प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात उभे राहतील.

अकरावीची गोष्ट याहून कठीण आहे. खासगी क्लासशी जोडून घेतलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेची कितीतरी मुले वर्षभर वर्गात फिरकतही नाहीत, हे शिक्षण विभागापासून लपलेले नाही. तिथल्या अकरावीच्या गुणांना 25 टक्के वजन देण्याआधी ते गुण कसे पडतात, हे पाहायला हवे. उलट अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा पदव्यांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे 20 टक्के वाटा दिला आहे, ती वाट मला जास्त रास्त वाटते. तिथे अकरावीचे गुण मोजले जात नाहीत, अकरावीत शिकलेले मोजले जाते. दहावीची वर्गसमीकरणे नववीच्या बहुपदीवर उभी आहेत. मंडळाने दहावीच्या गणितात नववीच्या घटकांवर काही गुणांचे प्रश्न उघडपणे ठेवले, तर नववी कोणी सोडून देणार नाही आणि तिथे अडखळलेल्या मुलाला ते वर्षभरात भरून काढण्याची संधीही मिळेल.

अमेरिकेत नववीपासूनचे गुण धरतात, असा दाखला अनेकदा दिला जातो. तिकडे अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांना नववीपासूनच्या गुणपत्रिका पाठवाव्या लागतात, हे खरे आहे. परंतु युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासारखे मोठे सरकारी विद्यापीठ प्रवेशासाठी गुणांची सरासरी काढताना नववी संपल्यानंतरपासून अकरावीपर्यंतचे विषय घेते. नववीतले आवश्यक विषय उत्तीर्ण झालेले असावे लागतात, पण त्यांचे गुण सरासरीत येत नाहीत. शाळेतल्या गुणांना इतके महत्त्व देणाऱ्या व्यवस्थेनेही मुलाला नव्या शाळेत रुळायला एक वर्ष दिले आहे.

म्हणून राज्य मंडळाला माझी एक विनंती आहे. 2021 मध्ये दहावीच्या मुलांचे नववीचे गुण शाळांनी 50 पैकी रूपांतरित करून मंडळाला दिले. त्यांतल्या बहुतेक मुलांनी 2023 मध्ये बारावीची परीक्षा नेहमीप्रमाणे केंद्रावर बसून दिली आणि तो निकाल 91.25 टक्के लागला. म्हणजे एकाच मुलाचे नववीचे गुण आणि त्याने बारावीत प्रत्यक्ष मिळवलेले गुण, या दोन्ही नोंदी मंडळाकडेच आहेत. नववीच्या गुणांवरून बारावीचा अंदाज कितपत बांधता आला, कोणत्या शाळांतील मुलांच्या बाबतीत तो चुकला, ग्रामीण भागात किती चुकला, आणि 2019 च्या पूरग्रस्त तालुक्यांत किती, हे मंडळाने नावे वगळून तपासावे आणि ‘परख’च्या शिफारशीवर राज्याचे मत कळवण्यापूर्वी ते जाहीर करावे.

— एक माध्यमिक शिक्षिका, सांगली जिल्हा