धुळवडीला फणस

संपादक महोदय,

धुळवड आली की मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांचे फोटो छापून येतात. आमच्याकडेही दीर, भाचेमंडळी मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठीच जमतात. गेल्या वर्षी धाकट्या भावजींची अँजिओप्लास्टी झाली, म्हणून मी फोनवरच सांगून टाकलं, "या, पण यंदा मटण नाही." पलीकडे बराच वेळ शांतता.

हाताला तेल लावून कोवळा फणस चिरला, वाफवला आणि भाजलेलं कांदा-खोबरं, कांदा-लसूण चटणी घालून रस्सा केला. फणस रेषेरेषेने सुटतो, जिभेला फसवतो. पण त्यात प्रथिनं फारशी नाहीत. म्हणून जोडीला अख्खा मसूर. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पांढऱ्या रश्श्यात मटण शिजवलेल्या अळणी पाण्याऐवजी भाज्यांचं पाणी घातलं, तीळ-खसखस नेहमीचीच. (तो फसला, खरं सांगते. नारळाचं दूध उकळून फुटलं.) तेल पळीभरच. वर तेलाचा लाल कट यावा म्हणून ओतत बसलं, तर फणसही मटणाइतकाच जड!

धाकट्या भावजींनी मसूर तिसऱ्यांदा मागून घेतला. थोरले मात्र संध्याकाळी "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडले. कुठे, ते मी विचारलं नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर