नकाशावरची सायकलची चौकट कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की नाशिकच्या वर्तमानपत्रांत पंढरपूरच्या सायकल वारीच्या तयारीचा मजकूर येऊ लागतो, आणि त्याच्या आगेमागे सायकल चालवल्याने प्रकृतीला होणाऱ्या लाभांचे लेखही छापून येतात. हे सारे मी आवडीने वाचतो. मात्र सायकल चालवून घरी आल्यावर ती ठेवायची कुठे, या अगदी व्यवहारातल्या प्रश्नावर सहसा कोणी लिहीत नाही. गेली चार वर्षे हा प्रश्न आमच्या घरात अक्षरशः भिंतीवर टांगलेला असल्यामुळे त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

इंदिरानगर परिसरातील एका तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आम्ही चौघे दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉल, स्वयंपाकघर, एक झोपण्याची खोली आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, एवढाच संसाराचा पसारा. त्यात सायकली पाच आहेत. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. त्यांची दांड्यांच्या ब्रेकची, डायनामोची, कॅरिअरवर सहज एक पोते मावेल अशी काळी सायकल ही पहिली. माझी रोजच्या वापराची हायब्रिड, पत्नीची पुढे टोपली असलेली, मुलाची जाड टायरची गिअरची, आणि मुलीची वाकड्या हँडलची, शर्यतीच्या घडणीची हलकी सायकल या बाकीच्या चार. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केल्यानंतर गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत अशा सायकली वाढत गेल्याचे मी पाहत आलो आहे. त्या लाटेतलीच ही शेवटची.

पाचही सायकली पूर्वी तळमजल्यावर जिन्याखाली असत. एका पावसाळ्यात मुलाच्या सायकलची सीट गेली. पुढे पत्नीच्या सायकलचे कुलूप कोणी तरी कापायला घेऊन अर्धवट सोडले. त्यानंतर सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की, जिन्याखालील सर्व सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा त्या भंगारात देण्यात येतील. जिन्याखाली आणि जिन्याच्या वाटेत अडथळा असू नये, ही समितीची भूमिका योग्यच होती. आग लागली तर तोच जिना सगळ्यांची एकमेव वाट असतो, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानंतर याबाबत ढिलाई करण्याची सोयही उरलेली नाही. फक्त ‘तेथून हलवा’ असे सांगणाऱ्या त्या सूचनेत ‘येथे ठेवा’ असे कोठेही लिहिलेले नव्हते. चारचाकीचे व दुचाकीचे पार्किंग शुल्क आमच्या मासिक बिलात वेगळे दाखवलेले असते. सायकलचा रकानाच नसल्यामुळे तिच्या वतीने बोलायलाही कोणी नव्हते. अशा रीतीने पाचही सायकली छत्तीस पायऱ्या चढून वर आल्या.

छोट्या घरात सायकल ठेवू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो तिच्या आकाराचा. साधारण मोठ्या सायकलची लांबी पावणेसहा फूट आणि उंची साडेतीन फूट असली, तरी घरातल्यांना अडवतो तो तिचा हँडल. दोन ते सव्वादोन फूट रुंदीचा हा हँडल आणि दोन्ही बाजूंना आलेली पायडले नसती, तर सायकल भिंतीला चिकटून गुपचूप उभी राहिली असती. जी सायकल आठवड्यातून एकदाच लागते, तिचा हँडल अॅलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, सैल करून चाकाला समांतर फिरवून ठेवला आणि पायडले काढली, तर ती फूटभर जागेत मावते. पायडल काढताना एक लक्षात ठेवावे : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. शेजारच्या एका गृहस्थांनी सगळा जोर लावून ते सोडवण्याऐवजी आणखी घट्ट केले आणि शेवटी सायकल दुकानात न्यावी लागली.

पुढचे चाक वर करून आकड्याला उभी टांगली, तर सायकल भिंतीलगत फार कमी रुंदी घेते. पण ती भिंतीपासून साडेतीन फूट पुढे येते, आणि दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये हे परवडत नाही. भिंतीला समांतर, आडवी टांगली तर पुढे कमी येते, पण सहा फूट भिंत खाते. दोन सायकली शेजारी उभ्या टांगायच्या असल्यास एकीचा आकडा दुसरीपेक्षा वीतभर वर लावावा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. हे सर्व मी आता शहाणपणाने सांगत असलो, तरी सुरुवात फजितीनेच झाली.

मुलीच्या सायकलसाठी मी हॉलच्या भिंतीत भोके पाडून, प्लॅस्टिकचे प्लग ठोकून एक आकडा बसवला. सायकल जेमतेम दहा किलोची. दोन दिवस ती दिमाखात लटकली आणि तिसऱ्या रात्री अडीच वाजता, पत्र्याच्या चपलांच्या रॅकसह, सगळ्या इमारतीला जाग येईल अशा आवाजात खाली आली. प्लगसोबत पोळीएवढा गिलावा निघाला होता. सकाळी पाहिले तेव्हा कारण कळले. ती भिंत चार इंची, आणि वरचे भोक विटेत न पडता दोन विटांमधल्या दरजेत पडले होते. शिवाय आकडा भिंतीपासून फूटभर पुढे आलेला असल्यामुळे सायकलचे वजन नुसते खाली ओढत नाही, वरचा स्क्रू बाहेरही उपटू पाहते, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. तेव्हापासून ड्रिल करताना मी खाली कागद धरतो. लाल भुकटी पडली तर वीट लागली. राखाडी पडत राहिली तर दरज आहे असे समजून दोन इंच सरकायचे. सरळ भिंतीत आकडा न मारता आधी जुन्या पलंगाची एक जाड फळी सहा ठिकाणी स्क्रू मारून आडवी बसवली आणि आकडे तिच्यावर लावले, त्यामुळे भार एका जागी येत नाही. नव्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंती आणखी फसव्या असतात. त्यांत ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे जाते आणि साधा प्लग तितक्याच सहजपणे बाहेर येतो. अशा भिंतींसाठी लांब नायलॉनचे वेगळे प्लग मिळतात, तेच वापरावेत. नाही तर आकड्यासाठी काँक्रीटचा कॉलम किंवा बीम शोधावा.

वडिलांची सायकल मात्र कोणत्याही भिंतीवर टांगण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण ती बावीस किलोच्या आसपास भरते. आमच्या आधीच्या मालकांनी हॉलमध्ये झोपाळा लावला होता. तो ते घेऊन गेले, पण स्लॅब भरतानाच सळईला गुंतवून सोडलेल्या लोखंडी कड्या छतातच राहिल्या. ज्या कड्यांनी वर्षानुवर्षे तीन-तीन माणसांचे झोके सोसले, त्यांना एक सायकल जड नव्हती. कपडे वाळत घालण्याची दोरी आणि कप्पी या कामाला पुरत नाही, म्हणून मेनरोडवरून दोन लोखंडी कप्प्या आणि जाड दोर आणला. चाके वर, सीट खाली अशी ती सायकल दिवाणावर छताजवळ गेली. पाहुणे वर बघत आणि कौतुक करत. मीही त्या कौतुकात वर्षभर रमलो.

खंडेनवमीला पूजेसाठी सायकल खाली घेतली तेव्हा दोन्ही टायर बसलेले होते आणि कडेच्या रबराला बारीक चिरा गेल्या होत्या. वर्षभरात मी ती एकदाही चालवली नव्हती. याच काळात मुलीची सायकल, दाराशेजारच्या फळीवर, एका हाताने उचलता येईल अशा उंचीवर असल्यामुळे, आठवड्यातून तीनदा त्र्यंबक रस्त्याने जाऊन येत होती. पत्नीची टोपलीची सायकल मी मोठ्या चातुर्याने कपाटामागे बसवली होती आणि ती काढायला आधी मुलाची काढावी लागे; परिणामी भाजी आणायला स्कूटर जाऊ लागली. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त सायकली कशा मावतील, हेच कोडे मी सोडवत बसलो होतो. रोजची सायकल दोन मिनिटांत, दुसरे काहीही न हलवता रस्त्यावर आली पाहिजे, हा हिशेब मी मांडलाच नव्हता. नंतर सगळी मांडणी उलटी केली. पत्नीची सायकल टांगण्याचा नाद सोडून ती दारामागे जमिनीवर उभी केली आणि तिच्यासाठी चपलांचे रॅक गॅलरीत हलवले. माझी त्याच फळीवर मुलीच्या शेजारी आली. मुलगा शिकायला बाहेरगावी असल्याने त्याच्या सायकलची चाके काढून ती पलंगाखाली सरकवली. डिस्क ब्रेकच्या सायकलचे चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नये, हे दुकानदाराने बजावून सांगितले होते. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर आतली पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही.

पावसाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून गॅलरीत तिरपा शिरतो, त्यामुळे ग्रिलआड ठेवलेल्या सायकलची चेन चार दिवसांत तांबडी पडते. भिजून आलेली सायकल तशीच उभी ठेवली, तर सीटच्या नळीतून शिरलेले पाणी फ्रेममधून उतरून पायडलच्या धुऱ्याशी साचते आणि तेथील बेअरिंग हळूहळू खाते. आम्ही दारात गोणपाट टाकतो, सायकल त्यावर उलटी करून पाणी निथळू देतो, चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे थेंब सोडतो आणि नंतरच तिला घरात घेतो. टांगलेल्या चाकाखाली एक जुनी परात असते. भिंतीवर टायरचा काळा पट्टा उमटू नये म्हणून तेथे सनमायकाचा तुकडा चिकटवला आहे. तरीही गेल्या श्रावणात धुतलेल्या चादरीवर ग्रीसचा डाग पडलाच, आणि त्याविषयी घरात जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता अनेक घरांत बॅटरीवर चालणारी सायकल येत आहे. तिची लिथियमची बॅटरी दाराजवळ किंवा जिन्याच्या वाटेत, आणि तीही रात्रभर चार्जिंगला लावून झोपी जाणे, हा धोका कोणी पत्करू नये. दाराशीच आग लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही. बॅटरी काढता येत असेल तर ती काढून, आपण जागे असताना, दारापासून दूर चार्ज करावी.

एवढे सगळे करूनही माझे प्रामाणिक मत असे आहे की, सायकलीची खरी जागा तळमजल्यावरच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने रोज छत्तीस पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन चढावे, अशी अपेक्षा ठेवून शहरात सायकली वाढणार नाहीत. एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा आखलेली असते. तेवढ्याच जागेत, पाच मीटरच्या बाजूने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एकाआड एक उलटसुलट तोंडाने लावल्या, तर दहा सायकली उभ्या राहतात आणि समोर त्या बाहेर काढण्यापुरती वाटही उरते. जमिनीत पक्का बसवलेला एक लोखंडी पाइप कुलपे लावण्यासाठी आणि वर एक दिवा, याहून जास्त खर्च त्याला नाही.

ही मागणी सोसायटीपुढे मांडण्यापूर्वी मी आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मागितली. ती सचिवांच्या कपाटात, घडीवर फाटलेल्या अवस्थेत मिळाली. मोटारींच्या आणि स्कूटरच्या चौकटींपलीकडे, फाटकाच्या डाव्या हाताला, एक लांबट चौकट आखलेली होती आणि तिच्यात बारीक अक्षरांत ‘सायकल’ असे लिहिले होते. तीस वर्षे आम्ही सगळे त्या चौकटीवरून ये-जा करत होतो. आज तेथे एक मोडका सोफा, रंगाचे रिकामे डबे आणि तीन वर्षांपासून बंद असलेली एक स्कूटर आहे. आपल्या वाचकांनीही आपापल्या इमारतीचा मंजूर नकाशा एकदा काढून पाहावा. सोसायटीकडे प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या नगररचना विभागाकडे ती मागता येते.

गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. आमच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ही चौकट मोकळी करण्याचा विषय मी लेखी दिला आहे आणि पोच घेतली आहे. सोफा न्यायला भंगारवाला तयार आहे. स्कूटरचे मालक पुण्याला असतात. त्यांना दोनदा पत्र पाठवले, अद्याप उत्तर आलेले नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक